तीन नंबरचं दही

वानखडे काका माणसाला नावानं नाही, लोडनं ओळखतात, म्हणजे तो किती वीज ओढतो त्यावरून.

पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात हातात घेतला, धरून ठेवला आणि विचारलं, "घरी कपड्यांचा ड्रायर किती वाजता लावता?"

मी म्हटलं, बायको लावते, ऑफिसातून आल्यावर. पाच-साडेपाचला.

त्यांनी हात सोडला. "पाच वाजता," ते स्वतःशीच पुटपुटले. "भर उन्हाळ्यात. आन् मानूस इंजिनिअर हाय."

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तर त्यांच्या शेजारी उभं राहायची सोय नाही. कोणी ओळख करून देतं, "काका, हे डॉक्टर सबनीस." काका नमस्कार करतात, घरची दोन-चार चौकशीची वाक्यं बोलतात आणि मग माझ्याकडे वळून, डॉक्टरांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात निकाल देतात: "दोन एसी, गरम पान्याचा हौद, गॅरेजात दोन गाड्या चार्जिंगले. हा एकटा मानूस म्हंजे माह्या गावातली अर्धी गल्ली हाय." माझी ओळख ते अशी करून द्यायचे: "हा साहेब. याचा निरोप येते तवा मी इंजिन चालू करतो. याचा सोताचा लोड काही नाई. चहाची किटली समजा."

बरीच वर्षं मला ती शाबासकी वाटायची.

काकांचं गाव म्हणजे ओहायोतल्या डब्लिनहून तासभर मक्याच्या शेतांमधून गाडी हाकल्यावर लागणारं, एक सिग्नल आणि एक आइस्क्रीमची टपरी असलेलं गाव. तिथे नगरपालिकेचं स्वतःचं वीजघर आहे. लाल विटांची इमारत, आत ओळीनं तीन डिझेल इंजिनं. एक आणि दोन लहान, तीन नंबरचं एखाद्या लोकोमोटिव्हएवढं. काका तरुणपणी विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात बॉयलरवर होते. मेव्हण्याच्या मागोमाग अमेरिकेत आले, या वीजघरात चिकटले आणि मेव्हणा कॅलिफोर्नियाला निघून गेला तरी चिकटूनच राहिले.

आता या वीजघराचं काम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गावाला रोजची वीज बाहेरच्या मोठ्या ग्रिडमधून मिळते. ही तीन इंजिनं वर्षातले बहुतेक सगळे दिवस नुसती बसून असतात. पण उन्हाळ्यात एखादी दुपार अशी येते की चार राज्यांतले एसी एकदम घरघरायला लागतात. वर्षातला तो सगळ्यात जास्त मागणीचा तास. त्या एका तासात गावानं बाहेरून जेवढी वीज ओढली, त्यावर गावाचं पुढचं अख्खं वर्षाचं बिल ठरतं. म्हणून त्या तासाला गावानं आपली इंजिनं चालवायची आणि बाहेरून कमी ओढायचं. गंमत एवढीच, की तो तास कोणता होता हे तो होऊन गेल्यावर समजतं. परीक्षेची तारीख निकालाच्या दिवशी कळावी तसं.

तो तास आधी ओळखणं हे माझं काम होतं. डब्लिनच्या ऑफिसात तीन स्क्रीन लावून मी हवामान आणि मागणीचे आकडे बघायचो आणि अशा वीस-बावीस गावांना निरोप धाडायचो: अमुक इंजिनं, अमुक वाजता, सुरू करा. माझ्या निरोपाशिवाय गावांनी इंजिन सुरू करायचं नाही, असा नियम. धुरामुळे वर्षाचे तास ठरवून दिलेले असतात.

काकांच्या मते माझे तीन स्क्रीन म्हणजे सरकारी खर्चानं घेतलेली करमणूक होती. त्यांची स्वतःची पद्धत वेगळी. उकाडा वाढला की ते पिकअप काढून गावातून फेरी मारत. न्हाव्याच्या दुकानाबाहेर एक म्हातारं कुत्रं झोपतं, ते पायरीवर आहे की सावलीत, हे बघायचं. आइस्क्रीमची रांग टपाल पेटीच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे बघायचं. कुत्रं उठून तळघरात गेलं की विषय संपला, आज तास येणार. मग ते बेट्टीला फोन करत. बेट्टी म्हणजे वीजघरासमोर राहणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या बाई. त्यांना दुपारी ओव्हनमध्ये ॲपल पाय भाजायची सवय. वानखडे हे नाव जिभेवर येत नाही म्हणून सगळं गाव काकांना 'वॉन' म्हणतं.

"बेट्टी, नो पाय टुडे."

"बट वॉन, आय हॅव द ॲपल्स कट!"

"पुट इन फ्रिज. आफ्टर सेव्हन, मेक टू."

गावातल्या एकाही नगरसेवकाचं ऐकत नाहीत अशा या बाई ओव्हन बंद करत. आणि माझे तीन स्क्रीन आणि ते कुत्रं, यांत कुत्र्याचा हिशेब दोन-तीनदा जास्त बरोबर निघाला होता, हे मी ऑफिसात कधी बोललो नाही. मी फारसा बोलतच नाही. त्याचंच हे सगळं झालं.

पण काका आमच्या मराठी मंडळींत प्रसिद्ध होते ते विजेमुळे नाही, दह्यामुळे.

झालं असं, की थंड इंजिन पटकन सुरू होत नाही. म्हणून बसून असलेल्या इंजिनातही कोमट पाणी खेळवत ठेवतात, बारा महिने, अहोरात्र. बाहेर ओहायोचा बर्फ कमरेएवढा असो, तीन नंबरची कूस हाताला कोमट लागते. अंगावरच्या पांघरुणासारखी. आता, आपल्या माणसाला अमेरिकेत घर मिळतं, गाडी मिळते, पण दही काही धड लागत नाही. हिवाळ्यात घर गार, उन्हाळ्यात एसीनं गार. ओव्हनचा दिवा लावा, ब्लँकेटात गुंडाळा, सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं तोंडाकडे बघत असतं. कुसुमकाकू होत्या तेव्हा त्यांनी एकदा पातेलं नवऱ्याबरोबर कामावर धाडलं. तीन नंबरला टेकवून, वर टॉवेल टाकून. संध्याकाळी सुरीनं कापावं असं दही घरी आलं.

मग काय. डब्लिनपासून बातमी पसरली. दर शनिवारी चार-पाच गाड्या वीजघरासमोर लागायला लागल्या. पातेल्यांवर चिकटपट्टी लावून नावं: सबनीस, पाटील, कुलकर्णी मोठे, कुलकर्णी लहान. काकू गेल्यावरही काकांनी ते चालू ठेवलं. "विरजन काकूचंच हाय," म्हणायचे, "तुटू नाई दिलं." येणाऱ्याला ते लगेच पातेलं देत नसत. आधी चहा. मग इंजिन दाखवणार. चौथ्यांदा आलेल्यालाही दाखवणार. पोरांना इंजिनाच्या पायरीवर बसवणार आणि सांगणार, "हे पाय, वर्षभर बसून हाय, तरी गरम हाय. तयार असनं हेच काम हाय. बाकी सारा आवाज." पोरं इंग्लिशमध्ये विचारत, "बट व्हॉट डझ इट डू?" काका म्हणत, "वेट्स."

वीजघराचा सुपरिंटेंडेंट डेल, सहा फूट चार इंच, टोपी कधी न काढणारा. त्याला आधी वाटलं हे कसलं तरी रसायन आहे. आता तो दह्यावर मेपल सिरप ओतून खातो आणि त्याला 'नंबर थ्री' म्हणतो. "वॉन, एनी नंबर थ्री टुडे?" एकदा राज्याचे तपासनीस आले. इंजिनाला टेकून टॉवेलांखाली आठ स्टीलची पातेली. हे काय? काका अजिबात गडबडले नाहीत. "टेम्परेचर इंडिकेटर्स," म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. दही पाच तासांत लागलं तर पाणी बरोबर गरम. आंबट झालं तर थर्मोस्टॅट बिघडला. एका हिवाळ्यात गेज सगळं ठीक सांगत असताना पाटलांचं दही आंबट निघालं आणि काकांनी हट्टानं थर्मोस्टॅट उघडायला लावला. जळालेला होता. तपासनिसांनी ते वहीत लिहून घेतलं की नाही, माहीत नाही. जाताना एक डबा मात्र घेऊन गेले.

आता माझं.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये माझी मुलगी सई हायस्कूल पास झाली. शनिवारी घरी पार्टी, साठ माणसं. शिल्पानं, म्हणजे माझ्या बायकोनं ठरवलं, श्रीखंड घरचं. काकांना सांगितलं. काका खुश. गुरुवारी त्यांनी दही लावलं आणि शुक्रवारी पहाटे त्याचा चक्का टांगला. कुठे? तीन नंबरच्या वर छताला जड भाग उचलायची क्रेन आहे, तिच्या हुकाला. मलमलीचं गाठोडं, खाली बादली. त्यांनी मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं: "लोड टेस्ट ओके."

त्या शुक्रवारी उकाडा वाढत गेला. दोन वाजता माझ्यासमोर निरोपाचा फॉर्म उघडा होता. अंदाज काठावर, आजचा तास असेलही, नसेलही. अशा वेळी सगळ्यांना कॉल, म्हणजे इंजिन सुरू करायचा निरोप, द्यायचा, असा आमचा रिवाज. बाकीच्या गावांना दिला. मग काकांच्या गावावर आलो. एक नंबर: सुरू करा. दोन नंबर: सुरू करा. तीन नंबरवर माझं बोट थांबलं.

तिथे माझा चक्का टांगलेला होता. इंजिन तापणार म्हणून काका तो उतरवणार, अर्धवट गळलेला, पातळ. शिल्पा काय म्हणेल. शिवाय ते खात्री करायला ऑफिसच्या फोनवर फोन करणार, तो रेकॉर्ड होतो, आणि वऱ्हाडीत ठणकावून विचारणार, चक्क्याचं काय करू बे? आणि मी त्या वेळी व्हिसावर होतो. ग्रीन कार्डाची रांग संपत नव्हती. नोकरी गेली की साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा, सईचं कॉलेज ऑगस्टमध्ये.

तीन नंबरच्या समोर मी निवडलं: 'उपलब्ध नाही.' आणि पाठवून दिलं.

सव्वाचारला माझा मोबाइल वाजला. वानखडे काका. शेजारच्या टेबलावर माझा बॉस बसलेला. मी मोबाइल पालथा घातला. नंतर बघितलं तर त्यांनी निरोप ठेवला होता, एक मिनिट आणि थोडा. मी ऐकला नाही. मला वाटलं, शिव्या असतील. किंवा त्याहून वाईट, पुरावा असेल.

तास त्याच दिवशी आला. पाच ते सहा.

शनिवारी सकाळी चक्का आणायला मी शिल्पाला पाठवलं. श्रीखंड फार उत्तम झालं. सगळे विचारत होते, कुठून आणलं. मी दोन वाट्या खाल्ल्या, हेही लिहून टाकतो.

पुढच्या महिन्यात गावाच्या नगरपालिकेत बैठक झाली. मला जावं लागलं. डेलच्या हातात माझा निरोप होता. त्यानं टोपीखालून काकांकडे बघितलं. "वॉन, इथे लिहिलंय तीन नंबर उपलब्ध नव्हतं. का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. फार नाही, ड्रायरची वेळ ऐकल्यावर बघितलं होतं तेवढंच. मग म्हणाले, "ऑइल प्रेशर. आय डिड नॉट लाइक इट."

मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायलो.

गावाचं वर्षाचं बिल वाढलं ते वाढलंच. पण नगरपालिकेनं आणखी एक ठरवलं: ऐन वेळी दगा देणारं इंजिन गरम ठेवायचं कशाला? तीन नंबरचा हीटर बंद झाला. इंजिन थंड पडलं. आणि दही बंद झालं. एक आणि दोन नंबर लहान, पातेलं टेकवायला जागाच नाही. लोकांनी दह्याची इलेक्ट्रिक यंत्रं घेतली, ती बरी चालतात. शनिवारच्या गाड्या चाराच्या दोन झाल्या, दोनाची एक. मग मीही जाईनासा झालो, आणि मी काही दही बंद झालं म्हणून थांबलो नव्हतो. काका मंडळाच्या कार्यक्रमांत भेटत. म्हणत, "काय साहेब, किटली कशी हाय?" मी म्हणायचो, बरी आहे.

मागच्या हिवाळ्यात माझं ग्रीन कार्ड आलं. धीर त्यानंतर आला, आधी नाही. हे काही शोभणारं नाही, पण तसं आहे. आणि या मे महिन्यात डेलचा ईमेल आला, सगळ्यांना असतो तसा कोरडा: तीन नंबर भंगारात काढायचा प्रस्ताव मंगळवारी मंजुरीला येतोय, तुमच्या ऑफिसची हरकत असल्यास कळवावी.

रविवारी दुपारी मी शिल्पाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तीन वर्षं मी सगळ्यांना त्या श्रीखंडाचं कौतुक सांगत फिरतेय. मला वेडी ठरवलंस तू." आणि गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

वीजघरासमोर गाडी लावली. आत जायच्या आधी मोबाइल काढला. तीन वर्षांत दोन फोन बदलले, पण तो न ऐकलेला निरोप मी दोन्ही वेळा सांभाळून नव्या फोनवर घेतला होता. आता तो लावला.

"साहेब, काका बोलून राह्यलो. तुह्या निरोपात तीन नंबर नाई म्हून लिहून हाय. काहून बे? चक्क्याची काळजी करून राह्यला काय? तो मी अकरा वाजताच उतरवला. कुत्रं सकाळीच तळघरात गेलं, तवाच मले समजलं. गाठोडं बेट्टीच्या फ्रिजात टांगलं हाय, तिनं सारं सामान भाईर काढून जागा केली. तीन नंबर गरम हाय, तयार हाय. मी बटनापाशी उभा हाय. तुह्या निरोपाबिगर मले चालू करता येत नाई, तुले मालूम हाय. फोन कर. काही बोलू नको. नुसतं हो म्हन." मग थोडा वेळ नुसती एक-दोन नंबरची घरघर. आणि मग, "आन् उद्या तूच ये पोरीले घेऊन. चहा ठेवतो."

मी गाडीतून उतरलो नाही. बेट्टी समोरून बघत होत्या. शेवटी त्यांनीच येऊन काचेवर टकटक केली. "ही इज इनसाइड, हनी."

काका तीन नंबरच्या पायरीवर बसले होते. इंजिनावर धूळ नव्हती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, फॉर्म, व्हिसा, पालथा मोबाइल. त्यांनी मध्ये तोडलं नाही. संपल्यावर विचारलं, "श्रीखंड आंबट तं नव्हतं झालं?"

"नाही, काका."

"मग ठीक हाय. मले तेच लागून होतं. बेट्टीच्या फ्रिजाचा भरोसा नाई."

"काका, तुम्ही सांगितलं का नाहीत? ऑइल प्रेशरचं खोटं कशाला?"

"मी सिटिझन मानूस. मले कोन हाकलते? तुही पोरगी कॉलेजले चालली होती." ते इंजिनावर हात ठेवून बसले. "मले वाटलं, एका प्रेशरनं काय होते. हे लोक हीटर बंद करतीन, असं काही वाटलं नोतं."

मी इंजिनाला हात लावला. लोखंड. कंट्रोल रूममध्ये त्यांनी चहा केला. कपाट उघडलं तर वरच्या फळीवर पातेली, घासून पुसून, उलटी घालून. सबनीस. पाटील. कुलकर्णी मोठे. एकावर आमचं नाव, शिल्पाच्या अक्षरात. न्यायला कोणी आलं नव्हतं.

"तुमच्यापुरतं दही कुठे लावता आता?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"मी?" काकांनी तोंड वाकडं केलं. "मी कुठी खातो? मले वासच नाई सोसत. लहानपनापासून. काकूले आवडे."

"मग इतकी वर्षं..."

"शनिवार हाय ना बे," ते म्हणाले आणि कपबशा विसळायला लागले.

सोमवारी मी बॉसला सांगितलं आणि डेलला पत्र लिहिलं. चार ओळींचं. त्या दिवशी तीन नंबर तयार होतं. 'उपलब्ध नाही' हे मी लिहिलं, कारण माझं खासगी होतं आणि ते चूक होतं. ऑपरेटरचा काही दोष नाही. ऑफिसनं मला कॉलच्या टेबलावरून काढलं. आता मी जुने आकडे तपासतो. बॉसनं कारण विचारलं तेव्हा मी श्रीखंड म्हणजे काय, हे इंग्लिशमध्ये समजावून सांगितलं. अर्धा तास लागला. त्याला शेवटी कळलं ते एवढंच, की ते गोड असतं.

मंगळवारच्या बैठकीत डेलनं माझं पत्र वाचून दाखवलं आणि भंगाराचा प्रस्ताव मागे घेतला. हीटर लावून वर्षभर ठेवून बघू, म्हणाला. पुढच्या वर्षी काय ठरेल, कोण जाणे. बैठक संपल्यावर तो माझ्याशी बोलला नाही. टोपी मात्र काढली, काकांसमोर. डोक्यावर अजिबात केस नाहीत, हे गावाला त्या दिवशी कळलं.

हीटर लावल्यावर एवढं मोठं इंजिन कोमट व्हायला दोन दिवस लागतात. शुक्रवारी सव्वाचारला माझा मोबाइल वाजला. स्क्रीनवर वानखडे काका. शेजारी बॉस बसला होता. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"साहेब, लागलं बे," काका ओरडत होते, मागे डेलचं काहीतरी चाललं होतं. "सुरीनं कापा असं लागलं! तुमचं पातेलं टेकवून ठेवलं हाय. उद्या येतं काय?"

"हो," मी म्हणालो.